गाडी गॅरेजला येते, दुखणं घरीच राहतं

प्रश्न विचारणारे निफाडजवळचे एक द्राक्षबागायतदार आहेत. गाडी २००७ सालची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. मुंबईच्या पहिल्या मालकाने तिला सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने गॅस सोडणारं) सीएनजी किट बसवून घेतलेलं. थंडी पडली की सकाळी तीन-चार लांबलचक सेल्फ मारावे लागतात. चालू झाली तरी थरथरते, पाय काढला की बंद पडते. दोन-तीन मिनिटांत सुरळीत होते आणि मग दिवसभर किल्ली फिरवली की चालू. बॅटरी नवी घालून झाली, प्लग नवे घालून झाले. एक मेस्त्री म्हणतो चारही इंजेक्टर बदला, दुसरा म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. आता नेमकं काय बदलू, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, तूर्त काहीच बदलू नका. ईसीएम तर मुळीच नको. जी गाडी दुपारी, संध्याकाळी, बाजार समितीच्या रांगेत दहादा बंद-चालू करूनही एका सेल्फला उठते, तिचा ईसीएम, ठिणगीची कॉइल, इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँक सेन्सर आणि बहुतेक वायरिंग धडधाकट आहे असंच धरून चालायचं. क्रँक सेन्सर खराब झाला तर तो बहुधा गरम झाल्यावर दगा देतो, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या अगदी उलट. तुमच्या गाडीचं दुखणं फक्त थंड इंजिनात आहे आणि ते जेमतेम तीन मिनिटं जगतं.

दोन मेस्त्री दोन उत्तरं देतात ते याच कारणाने. तुम्ही गाडी घेऊन गॅरेजला जाता तेव्हा ती आठ-दहा किलोमीटर चालून आलेली असते, कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, ऐंशी अंशांच्या पुढे गेलेलं असतं. मेस्त्री किल्ली फिरवतो, गाडी टच स्टार्ट. मग तो बिचारा काय बघणार? अनुभवाने एखादा पार्ट सांगतो. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय आणि हीच चूक मीही केली आहे, ती पुढे सांगतो. म्हणून या तक्रारीची अर्धी तपासणी गॅरेजात होतच नाही. ती तुमच्या अंगणात, सकाळी, पहिला सेल्फ मारायच्या आधी व्हायला हवी. एक तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, एवढाच खर्च.

आधी थंड इंजिनाला नेमकं काय हवं असतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंड इंजिनात इंजेक्टरने फवारलेल्या पेट्रोलचा मोठा भाग मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीला आणि वॉल्वच्या पाठीला चिकटून बसतो, थोड्याचीच वाफ होते. म्हणून थंडीत नेहमीपेक्षा बरंच जास्त पेट्रोल ओतावं लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत हे काम चोक करायचा. २००० च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि मारुती ८०० सकट छोट्या गाड्या इंजेक्शनवर आल्या. चोकची दांडी गेली, पण चोकचं काम कुठे गेलं? ते ईसीएमकडे आलं. इंजिन किती थंड आहे हे कूलंट टेंपरेचर सेन्सर त्याला सांगतो, आणि त्या एका आकड्यावर तो सेल्फच्या वेळी किती पेट्रोल सोडायचं हे ठरवतो. सेन्सर खोटं बोलला की चोक ओढला नाही तरी पंचाईत, फार ओढला तरी पंचाईत.

जाता जाता एक सवय मोडायला सांगतो. आमच्या वडिलांच्या पिढीत सेल्फच्या आधी दोनदा रेस द्यायची पद्धत होती. कार्बोरेटरला अ‍ॅक्सिलेटर पंप असायचा, त्यामुळे पाय दाबला की खरोखर पेट्रोलची पिचकारी आत जायची. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन फिरत नसताना पाय दाबून एक थेंबही जात नाही. उलट बऱ्याच गाड्यांत पाय पूर्ण तळाला दाबून सेल्फ मारला, तर ईसीएम समजतो की प्लग ओले झालेत आणि मालकाला ते सुकवायचेत. मग तो इंजेक्टर बंदच ठेवतो. चालू होत नाही म्हणून जीव खाऊन रेस दाबणारा माणूस स्वतःच पेट्रोल तोडत असतो.

आता सकाळची तपासणी. आदल्या रात्री गाडी शेडच्या बाहेर, उघड्यावर लावा. सकाळी घरातल्या कोणालाही "जरा चालू करून ठेव" म्हणू नका. एकदा सेल्फ मारला की पुरावा गेला.

बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीला साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. बॅटरी नवी आहे, तेव्हा हे ठीक असेल. पण नवी बॅटरी म्हणजे सेल्फला पूर्ण करंट पोहोचला, असं नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. आता हे टोक धरलेलं असताना दुसऱ्याला सेल्फ मारायला लावायचं आहे. पण थांबा, हे सगळ्यात शेवटी करायचं, कारण यात सेल्फ मारावा लागतो. तेव्हा मीटरने अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. पट्टी काढून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासल्या की काम होतं. मग मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर धरून पुढच्या सेल्फला बघा. आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर सेल्फ मोटर जड आहे किंवा इंजिन. इंजिन जड असण्याचं एक साधं कारण आमच्याकडे सर्रास दिसतं: गाडी जुनी झाली, तेल खाते, म्हणून कोणीतरी २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड तेल भरलेलं असतं. पुण्या-मुंबईत ते खपून जातं. निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हा ते तेल काकवीसारखं होतं. गाडीच्या पुस्तकात थंडीसाठी जो ग्रेड दिलाय, तोच घाला.

आता पहिली खरी परीक्षा. किल्ली फक्त ऑनवर आणा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा पंपाचा आवाज येतो आणि थांबतो. किल्ली बंद करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा ऑन. असं चार वेळा करा. पाचव्यांदा सरळ सेल्फ मारा. गाडी टच स्टार्ट झाली, तर रात्रभरात पेट्रोल लाइनचं प्रेशर उतरत होतं आणि तुम्ही ते हाताने भरून दिलंत, असा अर्थ. चार झूंऽऽ नंतरही तीच रडकथा असेल, तर प्रेशर गळणं हे मुख्य कारण नाही, शोध दुसरीकडे वळवा. ही परीक्षा फुकट आहे आणि ती सांगितल्यावाचून कोणी तुम्हाला इंजेक्टर विकत असेल, तर त्याला विनम्रपणे नमस्कार करा.

पण ही परीक्षा एका सकाळची. दुसऱ्या सकाळी वेगळी परीक्षा घ्यायची, कारण एका थंड इंजिनावर एकच प्रयोग होतो. दोन्ही एकत्र केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दुसऱ्या सकाळचा प्रयोग सेन्सरचा. माझ्या मते तुमच्या तक्रारीत संशयित क्रमांक एक हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

थर्मोस्टॅटच्या (कूलंट तापेपर्यंत त्याची वाट अडवणारी झडप) घराजवळ, इंजिनाच्या हेडच्या टोकाला दोन सेन्सर असू शकतात. एकाला एकच वायर असते. तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा. दुसऱ्याला दोन वायरींचा कपलर, म्हणजे प्लॅस्टिकचा जोड, असतो. तो ईसीएमचा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हे दोघे वेगळे असतात, त्यामुळे "काटा तर बरोबर चालतोय" या वाक्याला काहीच किंमत नाही. काटा एकाचं ऐकतो, ईसीएम दुसऱ्याचं.

दोन वायरींचा कपलर काढा. कपलर काढताना वायर ओढायची नाही, क्लिप दाबून प्लॅस्टिक धरून काढायचं. इतक्या वर्षांचं प्लॅस्टिक पापडासारखं तुटतं. सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर ओहममध्ये लावा. हा सेन्सर थंडीत जास्त रेझिस्टन्स दाखवतो आणि तापला की कमी. या पिढीच्या बहुतेक जपानी पद्धतीच्या सेन्सरचा हिशेब साधारण असा असतो: शून्य अंशाला पावणेसहा हजार ओहमच्या आसपास, वीस अंशाला अडीच हजार, चाळीसला अकराशे-बाराशे, ऐंशीला तीनशे. म्हणजे पाच-सहा अंशांच्या सकाळी साडेचार हजारांच्या आगेमागे आकडा यायला हवा. हवेचं तापमान किती ते घरात साधा थर्मामीटर असेल तर त्यावर बघा. नसेल तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतोच. रात्रभर उभ्या गाडीचं कूलंट आणि बाहेरची हवा जवळजवळ सारखीच थंड असते, हीच या परीक्षेची मेख आहे.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात पिंपळगावकडचे एक बागायतदार अगदी हीच तक्रार घेऊन आले. आमच्या दारात गाडी टच स्टार्ट. मी प्रेशर गेज लावला, पंप बंद झाल्यावर सुई हळूहळू उतरताना दिसली, म्हटलं सापडलं. पंप बदलला. चार दिवसांनी गृहस्थ परत. मी गाडी रात्रभर ठेवून घेतली, सकाळी नऊला किल्ली फिरवली, चालू. आमचं शेड पत्र्याचं, तिन्ही बाजूंनी बंद, आत गाड्याच गाड्या, तिथे बाहेरच्यासारखी थंडी कुठली? आणि नऊला तर पत्रा तापायला लागलेला असतो. मग लाज सोडून त्यांच्या बागेवरच गेलो, पहाटे सहाला. थंडीची लाट होती, घडांना थंडी बाधू नये म्हणून बागेत ओळीने शेकोट्या पेटवलेल्या, सगळीकडे धूर. गाडी बांधावर दवाने ओली. कपलर काढून मीटर लावला. आकडा अकराशेच्या आसपास! बाहेर माझी बोटं वाकत नव्हती आणि सेन्सर ईसीएमला सांगत होता की इंजिन चाळीस अंशांवर आहे. ईसीएमने चाळीस अंशांचं पेट्रोल सोडलं, इंजिनाला हवं होतं सहा अंशांचं. इंजिन बिचारं उपाशी. दोन मिनिटं कसंबसं चालून तापलं की सेन्सरचं खोटं हळूहळू खऱ्याला येऊन मिळायचं आणि गाडी शहाणी व्हायची. काही शे रुपयांचा सेन्सर. पंपाची मजुरी मी परत दिली, पंपाचे पैसे मात्र गृहस्थांचे गेलेच.

तेव्हा डॅशबोर्डवरची इंजिनाची चेक लाइट लागलेली नव्हती, हेही लक्षात ठेवा. ईसीएम सेन्सरला पाच व्होल्ट देतो आणि त्यातले किती उरले ते मोजतो. वायर तुटली तर जवळजवळ पूर्ण पाच दिसतात, मग दोषाचा पी-०११८ कोड येतो. शॉर्ट झाली तर शून्याजवळ, मग पी-०११७. पण चाळीस अंश हा अगदी शक्य आकडा आहे, जून महिन्यातला असेल म्हणून ईसीएम तो खरा मानतो. स्कॅनर (ईसीएममधले कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावून "एकही कोड नाही, सेन्सर ओके" असं सांगणाऱ्याने कोड बघितले, आकडा बघितलेला नसतो. तुमच्या गाडीचा ईसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर सकाळी सेल्फच्या आधी फक्त दोन आकडे बघा, कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. दोन्हींत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर एक जण खोटा आहे. भारतात ओबीडीची, म्हणजे ईसीएमने दोष स्वतः नोंदवून स्कॅनरला सांगण्याच्या पद्धतीची, सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. २००७ च्या गाडीला डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा कपलर दिसला तरी स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र त्याच्याशी बोलेलच असं नाही. नाही बोललं तर यंत्र खराब समजू नका, मीटर आहेच.

उलटा प्रकारही होतो. कपलरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, त्या गंजाचा रेझिस्टन्स सेन्सरमध्ये मिळवला जातो आणि ईसीएमला वाटतं आपण काश्मिरात आहोत. मग भरमसाट पेट्रोल, प्लग ओले, मागून काळा धूर आणि वास. म्हणून सेन्सरवर आकडा बरोबर आला तरी कपलरच्या आत टॉर्च मारून बघायचं.

सेन्सर दोषी आहे का याची आणखी एक घरगुती खातरजमा आहे, आणि ती मला फार आवडते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४.७ किलो-ओमचा रेझिस्टर घ्या, एक-दोन रुपयांना मिळतो. थंड सकाळी सेन्सरचा कपलर काढून कपलरच्या दोन भोकांत रेझिस्टरचे पाय घाला. आता ईसीएमला वाटेल पाच अंश आहेत. सेल्फ मारा. रोज चार सेल्फ घेणारी गाडी एका सेल्फला उठली तर गुन्हेगार सापडला. पण चालू झाल्यावर मिनिटभरात किल्ली बंद करून रेझिस्टर काढायचा आणि सेन्सर परत जोडायचा. रेझिस्टर तसाच ठेवून शेतात गेलात, तर ईसीएम जन्मभर पाच अंशच समजेल, पेट्रोल ढोसेल आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखाही लागणार नाही. हेड गॅस्केट उडेल. ॲव्हरेज वाढवायला म्हणून याच जागी कमी ओहमचा रेझिस्टर कायमचा ठोकलेली एक गाडी मी पाहिली आहे. ती चालवणाऱ्याला थंडीत स्टार्टिंग ट्रबल होता हे वेगळं सांगायला नको.

सेन्सर तपासताना कूलंटची पातळीही बघा. पाणी कमी असेल तर सेन्सरचं टोक हवेच्या बुडबुड्यात लटकत राहतं आणि भलतंच बोलतं. आणि कृपा करून बघा, थर्मोस्टॅट जागेवर आहे ना. "गाडी तापते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. त्याने चालू व्हायला फार फरक पडत नाही, पण नंतरची थरथर दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं पुरते.

आता पहिल्या सकाळचा प्रयोग यशस्वी झाला, म्हणजे चार वेळा किल्ली ऑन केल्यावर गाडी टच स्टार्ट झाली, असं समजू. मग मामला पेट्रोलच्या प्रेशरचा. हे काम गॅरेजातच करा, घरी नाही. लाइनमध्ये तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, पाइप सोडला की पेट्रोल तोंडावर उडतं. आमच्याकडे सकाळी गाडीला अगरबत्ती ओवाळायची पद्धत आहे, म्हणून मी पेट्रोलचं काम देवपूजा उरकून तासाभराने घेतो, गंमत नाही. गेज लावून पंप चालवायचा, बंद करायचा आणि सुई बघत बसायचं. पाच मिनिटांनी दोन बारच्या वर टिकली तर ठीक. भराभर उतरली तर गळतं कुठे ते शोधायचं. टाकीकडून येणारी रबरी नळी चिमटीत दाबून बंद केली आणि सुई थांबली, तर पंपातला, पेट्रोल मागे जाऊ न देणारा चेक वॉल्व गेलाय. थांबली नाही, तर इंजेक्टर गळतोय किंवा लाइनचं प्रेशर नेमकं राखणारा प्रेशर रेग्युलेटर. रेग्युलेटर इंजिनावर असेल तर त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून वास घ्या. नळीत पेट्रोल असेल तर आतला पडदा फाटलाय. जुनी नळी चिमटताना जपून, वाळलेली असेल तर चिमटीतच चिरते आणि नवीन दुखणं विकत घेतल्यासारखं होतं. मी वर म्हटलेल्या बागायतदारांच्या गाडीत सुई उतरत होतीच, पण पाच मिनिटांनी ती दोनच्या वर होती. मी पाच मिनिटं थांबलो नाही, एवढाच माझा गुन्हा.

एखादाच इंजेक्टर गळत असेल तर त्याची खूण प्लगवर सापडते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी एकच तीन-चार सेकंदांचा सेल्फ मारा, चालू झाली नाही की लगेच चारही प्लग काढा आणि ओळीने फडक्यावर ठेवा. एकच प्लग ओला, बाकी तीन कोरडे, म्हणजे त्या सिलिंडरचा इंजेक्टर. चारही ओले, म्हणजे सेन्सर जास्त थंडी सांगतोय किंवा ठिणगी कमजोर. चारही कोरडे ठणठणीत, म्हणजे पेट्रोल पोहोचतच नाही किंवा ईसीएम कमी सोडतोय. या चार प्लगांच्या रांगेने जेवढं कळतं तेवढं मला कधी कधी स्कॅनरनेही कळत नाही. प्लग नवे घातलेत म्हणता, पण गॅप, म्हणजे ठिणगीच्या दोन टोकांतलं अंतर, मोजून घातलेत का? पुस्तकातला गॅप बघा, फिलर गेज लावा.

आता तुमच्या सीएनजीकडे येतो, कारण मला संशयित क्रमांक दोन तिथेच दिसतो. सिक्वेन्शियल किटची गाडी सकाळी पेट्रोलवर चालू होते आणि रिड्यूसर (गॅसचं प्रेशर उतरवणारा भाग) थोडा कोमट झाला की गॅसवर जाते. म्हणजे तुमची गाडी रोज मिनिट-दोन मिनिटंच पेट्रोल पिते. तुमच्या टाकीतलं पेट्रोल किती महिन्यांचं आहे? आठवत नसेल तर उत्तर मिळालं. पेट्रोलमधले हलके भाग, जे थंडीत सर्वांत आधी वाफ होऊन इंजिन पेटवतात, तेच सर्वांत आधी उडून जातात. उरतं ते जड. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि ते हवेतलं पाणी ओढतं. ताज्या पेट्रोलवर धडधाकट गाडीला हे जाणवत नाही. पण सहा महिने टाकीच्या तळाशी पडलेलं इथेनॉलवालं पेट्रोल, त्यात रिझर्व्हवर चालणारी टाकी, हे थंडीत भोवतंच. रिझर्व्हवर पंपही उघडा पडून तापतो, कारण त्याला थंड ठेवायला भोवतीचं पेट्रोलच असतं.

दुसरं, दिवसभर गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर गरम मॅनिफोल्डवर नुसते भाजत बसलेले असतात. त्यांच्या तोंडाशी उरलेलं पेट्रोल सुकून गोंद धरतो, मग फवाऱ्याऐवजी धार पडते. धारेची वाफ होत नाही. इंजिन गरम असताना धारही चालून जाते, म्हणून दिवसभर काही कळत नाही. तेव्हा इंजेक्टर सांगणारा मेस्त्री पूर्ण चुकलाय असं मी म्हणणार नाही, पण बदलायच्या आधी ते काढून अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करून घ्या, चारही फवारे काचेच्या नळ्यांत शेजारी शेजारी बघा. साफ करण्याचा खर्च नव्याच्या मानाने किरकोळ असतो. आणि किट बसवणाऱ्याने पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्ये कापून आपली जोडणी घातलेली असते. ते जोड टेपने गुंडाळलेले असतील तर उघडून बघा. डाळिंबाच्या फवारणीच्या औषधाच्या ड्रमशेजारी उभ्या राहणाऱ्या एका गाडीत मला तिथे तांब्याची हिरवी पावडर मिळाली होती.

यावर आधी करायचं काम सोपं आहे. पाच-सात लिटर ताजं पेट्रोल भरा आणि दोन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा, नाशिकला जाऊन या. तिसऱ्या सकाळी फरक बघा. बऱ्याच गॅसच्या गाड्या एवढ्यानेच अर्ध्या बऱ्या होतात. किटला थेट गॅसवर चालू करण्याची सोय असते, तिचा वापर पेट्रोलचा त्रास टाळायला करू नका. तो त्रास लपतो, जात नाही.

तुमच्या वर्णनातलं एक वाक्य उरलं, "पाय काढला की बंद पडते". याचा धागा वेगळा असू शकतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं तशी हवाही जास्त लागते, म्हणून चालू झाल्यावर आरपीएम आपोआप दीड हजाराच्या आसपास जाऊन हळूहळू उतरतात. ही जादा हवा आयडल कंट्रोल वॉल्व सोडतो. तो आणि थ्रॉटल बॉडीची, म्हणजे पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेची, कड काळ्या चिकट कार्बनने भरली की हवेचा रस्ता बंद. परीक्षा अशी: सकाळी सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलेटर अगदी किंचित, पाव इंच दाबून धरा. तेवढ्याने पटकन चालू झाली आणि पाय ठेवला तोवर छान चालली, तर पेट्रोल नाही, हवा कमी पडतेय. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरने धुवा, फडक्याने पुसा, आतला चकाकी देणारा थर खरवडू नका. धुतल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडलिंग काही दिवस वरखाली होतं, ईसीएमला नवी सवय लागेपर्यंत. एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या रबरी नळ्या, विशेषतः मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची बारीक नळी, बोटाने वाकवून बघा. वाकवल्यावर चीर उघडते, सरळ असताना दिसत नाही.

कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याचं, शेवटी. एवढं सगळं ठीक निघालं तरच. गॅसच्या गाडीत वॉल्व सीट झिजते, टॅपेट टाइट होतात, म्हणजे वॉल्वच्या मागची फट कमी होते, तेव्हा गाडी गॅसवर चाललेली असेल तर टॅपेट क्लिअरन्स एकदा तपासून घ्या. चारही सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन दहा किलोच्या खाली जात असेल किंवा एक बाकीच्यांपेक्षा बरंच कमी असेल, तर सेन्सर, पंप बदलून उपयोग नाही.

म्हणजे तुमचा क्रम असा राहू द्या. उद्या सकाळी चार वेळा किल्ली ऑन करून सेल्फ. परवा सकाळी सेन्सरचे ओहम आणि हवेचं तापमान लिहून ठेवणं, आणि मग सेल्फ मारताना बॅटरीवरचा आणि अर्थिंगचा आकडा. तेरवा पाव इंच अ‍ॅक्सिलेटर. त्यानंतर ताजं पेट्रोल आणि दोन दिवस फक्त पेट्रोलवर. ते झालं की हे आकडे कळवा, मग इंजेक्टरचं बघू. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, सेल्फ मारताना मागून धूर येतो का आणि कसला. काळा, पांढरा, की काहीच नाही. स्टीअरिंगवर बसलेल्याला तो दिसत नाही, तेव्हा घरातल्या कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा, जरा बाजूला, आणि पहिल्या सेल्फपासून बघायला सांगा.